काजवे की परवाना? वाडीतल्या मुलांना युद्धावरचा कोणता ॲनिमेशनपट दाखवावा

मे महिन्यात मुंबईची मुलं गावी आलेली असतात, वाडीतली मुलं मोकळी असतात आणि वाचनालयाचा हॉल रिकामाच असतो. मुलांना युद्धाबद्दलचं काहीतरी चांगलं दाखवू या असं ठरतं आणि चार जणांना विचारलं की फिरून फिरून दोनच नावं पुढे येतात: इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ आणि नोरा ट्वोमी यांचा २०१७ चा ‘द ब्रेडविनर’. दोन्ही दीड तासाच्या आतबाहेर आहेत आणि दोन्हींत युद्ध दिसतं ते घरातून, पोटातून. गोष्टी ढोबळमानाने ठाऊक आहेत असं धरूनच लिहितो. आमचं माप म्हणजे हॉलमध्ये बसलेली मुलं आणि नंतर त्यांच्यात झालेलं बोलणं, एवढंच.

आणखी दोन नावं कुणीतरी सुचवतंच. १९८३ चा ‘बेअरफूट गेन’ प्रामाणिक आहे. मूळ चित्रकथा लिहिणारे केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना स्वतः हिरोशिमात होते. पण बॉम्ब पडतानाची ती काही मिनिटं इतकी उघडीवाघडी आहेत की मुलांच्या डोक्यात वितळणारे चेहरे राहतात आणि गेनचा खट्याळपणा पुसून जातो. चौदाच्या आतल्यांना नकोच. २०१६ चा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ युद्धातल्या स्वयंपाकघराबद्दल या सगळ्यांत उत्तम, पण तो १२९ मिनिटांचा आहे आणि त्याची नायिका लग्न होऊन सासरी आलेली मुलगी आहे. महिला मंडळासाठी निवडत असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, तोच लावा.

आता मुख्य दोघे.

काळीज पिळवटण्यात ‘फायरफ्लाइज’च्या जवळपास कुणी येत नाही, हे आधीच कबूल करतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानमध्ये अनाथ झालेल्या भावाबहिणीची ही गोष्ट. भाऊ सेइता मरणार हे पहिल्याच मिनिटात कळतं, त्याच्या लहान बहिणीचं, सेत्सुकोचं, काय झालं हेही लगोलग कळतं. पुढे काय होणार ही उत्सुकता संपल्यावर बघणाऱ्याकडे फक्त त्या दोघांकडे पाहत राहणं उरतं. दुसरी गोष्ट कारागिरीची. जपानी ॲनिमेशनमध्ये साधारणपणे चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर भरतात. इथे चार वर्षांच्या सेत्सुकोचा आवाज एका खऱ्याच लहान मुलीचा आहे. तो आधी ध्वनिमुद्रित केला आणि चित्रं त्यावर बेतली. तिचं हट्ट करणं, वाक्य मध्येच सोडून देणं, रडताना श्वास अडकणं हे कुणी मोठ्याने लहान मुलाची नक्कल केल्यासारखं वाटत नाही ते त्यामुळे. बाह्यरेषाही नेहमीच्या काळ्या नसून बहुतेक ठिकाणी तपकिरी आहेत, त्यामुळे माणसं पार्श्वभूमीतून कापून काढल्यासारखी दिसत नाहीत. आईची अवस्था बघून आल्यावर शाळेच्या मैदानात सेत्सुको उकिडवी बसून रडते आणि सेइताला काय बोलावं सुचत नाही म्हणून तो आडव्या दांडीवर कोलांट्या मारत राहतो. युद्धाने मुलावर केलेला परिणाम याहून कमी शब्दांत कुणी दाखवल्याचं आठवत नाही.

शिवाय काजवे. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात, बाटलीत काजवे धरणं आणि सकाळी ते मेलेले सापडणं मुलांना नवं नाही. मच्छरदाणीतल्या काजव्यांच्या प्रसंगाला सबटायटलची गरजच लागत नाही. उलट एक गोष्ट आपल्या मुलांकडून हमखास निसटते: आसरा देणारी नातलग बाई या दोघांना पेज वाढते आणि कामावर जाणाऱ्या स्वतःच्या माणसांना भाताचे मुटके बांधून देते. इथे सकाळची पेज आवडीने खाल्ली जाते, मुलांना त्यात अपमान दिसतच नाही. वाढताना डाव कुठवर बुडतो, कुणाच्या वाट्याला वरचं पाणी येतं, तिकडे बघा असं आधी सांगून ठेवावं लागतं.

‘ब्रेडविनर’ इतक्या खोलवर कापत नाही. तालिबानच्या राजवटीतल्या काबूलमध्ये अकरा वर्षांच्या परवानाच्या वडिलांना पकडून नेतात. बाईमाणसाने एकटीने बाजारात जायचं नाही म्हणून ती केस कापून, मेलेल्या भावाचे कपडे घालून मुलगा होते. इथे पुढे काय होईल ही धाकधूक शेवटपर्यंत आहे. मध्येमध्ये परवाना एक गोष्ट रचत जाते, गावाचं बियाणं पळवणाऱ्या हत्तीराजाची. ती कागद कापून केल्यासारख्या रंगीत चित्रांत दिसते. गंभीर प्रेक्षकांची यावर तक्रार असते की प्रसंग ऐन रंगात आला की ही गोष्ट मध्ये येते आणि पकड सुटते. तक्रार खोटी नाही. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला हीच सुटका हवी असते. मार, तुरुंग, भूक यांच्यामध्ये त्याला दम घ्यायला जागा मिळते आणि म्हणून ते शेवटपर्यंत बघतं. आणि गोष्ट सुलेमान या भावावरच येऊन थांबते. त्याने रस्त्यात पडलेलं खेळणं उचललं आणि ते फुटलं. इतका वेळ दूरच्या डोंगरातली वाटणारी गोष्ट एका वाक्यात घरात येते. अफगाणिस्तानात १९८० च्या दशकात सोव्हिएत सैन्याने विमानांतून टाकलेले पंखांच्या आकाराचे छोटे प्लास्टिकचे सुरुंग मुलं खेळणं समजून उचलत असत. चित्रपट ते नावाने सांगत नाही, पण तुम्ही सांगू शकता.

आता ज्या एका कटकटीपायी आमचा कल ठरला तिच्याकडे येतो.

‘फायरफ्लाइज’ संपला की पहिली पाच-दहा मिनिटं कुणी बोलत नाही. ते ठीकच. मग बोलणं सुरू होतं आणि ते दर वेळी त्या नातलग बाईवर जाऊन बसतं. “त्या झीलान माफी मागून काकीकडे परत जावक व्हया होता, मरण टळला असता,” असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं. दुसरी बाजू लगेच उभी राहते: तिनेच टोमणे मारून बाहेर काढलं, आईच्या किमोनोंचे तांदूळ खाल्ले. आपल्याकडे कितीतरी मुलं शिक्षणासाठी मामाकडे, आत्याकडे राहून वाढलेली असतात, आईवडील मुंबईला असतात. हा विषय प्रत्येक घरात शिजत पडलेला असतो, झाकण उघडायचा अवकाश. मग अर्धा तास कुणी कुणाला कसं वागवलं यावर जातो आणि कोबे शहर जाळणारी विमानं, रेशन, बापाचं बुडालेलं जहाज, अन्न लिहून देऊन हात झटकणारा डॉक्टर हे सगळं बाजूला राहतं. मुलं मोठ्यांची तोंडं बघत बसतात.

हा दोष प्रेक्षकांच्या माथी मारता येत नाही. चित्रपटच तिकडे नेतो. त्यातला एक शेतकरी सेइताला जवळजवळ हेच सांगतो, की जा, पाय धर आणि परत राहा. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामाच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते, तरी हा युद्धविरोधी चित्रपट नाही असं ते वारंवार सांगत. माणसांपासून तुटून दोघांचंच जग करू पाहणाऱ्या मुलाची चूक त्यांना दाखवायची होती. मूळ कथा लिहिणारे अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण १९४५ मध्ये उपासमारीने गेली आणि त्यांनी १९६७ मध्ये ती कथा लिहिली ती अपराधाच्या टोचणीतून. म्हणजे ‘चूक कुणाची’ हा प्रश्न चित्रपटाच्या पायातच आहे. मोठ्या माणसाला तो प्रश्न पचतो, किंबहुना त्यामुळेच चित्रपट थोर होतो. अकरा वर्षांचं पोर मात्र ‘नातेवाइकांशी नीट वागावं’ एवढं घेऊन घरी जातं.

‘ब्रेडविनर’नंतर असा फाटा फुटत नाही. मुलं विचारतात ते असं: तिला शाळेत का जाऊ देत नाहीत? बापाने काय गुन्हा केला होता? विमानं कुणाची होती? सुलेमानचं नक्की काय झालं? चारही प्रश्न सरळ युद्धावर आणि सत्तेवर जातात. आणि गोष्ट जुनी झालेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले आणि सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. समोर सहावीच्याच मुली बसलेल्या असतील तर एवढं एक वाक्य पुरतं. परवानासारखीच मुलगा होऊन फिरणाऱ्या शौझियाला समुद्र बघायचाय या धाग्यावर तर समुद्रकाठची मुलं आपणहून बोलू लागतात.

थोडं व्यवहाराचं, कारण निवड पुष्कळदा तिथेच फसते.

मे महिन्यात किनाऱ्यावर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नीट काळोख व्हायला पाऊण तास लागतो. पावणेआठला सुरू केलं तर सव्वानऊ-साडेनऊला संपतं आणि लांबच्या वाडीतल्या मुलांना सोबत शोधायला वेळ उरतो. ‘फायरफ्लाइज’मधले रात्रीचे आणि गुहेतले प्रसंग स्वस्त प्रोजेक्टरवर राखाडी चिखल होतात. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप जरी आली तरी सेत्सुकोचा चेहरा दिसत नाही. तो लावायचाच तर खिडक्यांना काळं कापड हवं. ‘ब्रेडविनर’ बहुतेक उन्हातला आहे, साध्या पांढऱ्या चादरीवरही निभावतो. जून उजाडल्यावर पत्र्याखाली दोन्ही नकोत. पावसाच्या एका सरीत ‘फायरफ्लाइज’मधलं पुटपुटणं संपूर्ण बुडतं, ‘ब्रेडविनर’चं निम्मं.

सबटायटल मराठीत स्वतः करून घ्यावी लागतील असं धरून चाला. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून मराठी जोडाक्षरं नीट दिसतीलच असं नाही, म्हणून लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आणि देवनागरी फॉन्ट. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे अक्षरं चित्रातच पक्की करून घेणं. ओळीत सात-आठ शब्दांपेक्षा जास्त नकोत, दोन ओळी निदान चार सेकंद राहू द्या. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर ठेवा, नाहीतर मागच्या मुलांना पुढच्यांची डोकीच वाचावी लागतात. इथे ‘फायरफ्लाइज’ला झुकतं माप देतो: त्यात शांतता खूप, वाक्यं छोटी. ‘ब्रेडविनर’मध्ये हत्तीराजाची गोष्ट सांगताना ऐकणारा मध्येच तोंड घालतो, दोन आवाज एकमेकांवर येतात. त्या जागी सांगणाऱ्याचं सरळ अक्षरात आणि ऐकणाऱ्याचं तिरप्या अक्षरात दिलं की घोळ मिटतो.

मध्यंतर ‘ब्रेडविनर’मध्ये परवाना पहिल्यांदा सामान घेऊन घरी येते तिथे घ्या. ‘फायरफ्लाइज’मध्ये घेऊच नका, काकीचा खटला तिथेच सुरू होईल. घरच्या खात्यावरून सार्वजनिक खेळ करता येत नाही, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी लागते. पत्रव्यवहाराला वेळ जातो म्हणून ते काम होळीच्या आसपासच हाती घ्या.

वयाचं म्हणाल तर ‘ब्रेडविनर’ दहा-अकरापासून, परवानाच्या आईला रस्त्यात मारतात तो प्रसंग आधी सांगून. ‘फायरफ्लाइज’ तेराच्या पुढे, कारण आईच्या बँडेजवरच्या अळ्या आणि बहिणीचं दहन ही दोन दृश्यं लहानांना झोपू देत नाहीत.

एकटं बसून बघायचा असेल, किंवा हॉलमध्ये फक्त मोठी माणसं असतील, तर ‘फायरफ्लाइज’ला पर्याय नाही. तेव्हा जुन्या माणसांना पुढे बसवा. रेशनचे दिवस, १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट, विलायती बोटींवर गेलेले रत्नागिरीकडचे खलाशी, यातलं घरात ऐकलेलं काहीतरी निघतंच. मुलांच्या खेळाला मात्र आमच्या मते ‘ब्रेडविनर’च आधी. डेबोरा एलिस यांच्या मूळ कादंबरीचा अपर्णा वेलणकर यांनी केलेला मराठी अनुवादही आहे. त्याच्या दोन-तीन प्रती खेळाच्या दिवशी टेबलावर मांडून ठेवा आणि नावं लिहून घ्यायला वही ठेवा, कारण मागणी त्याच रात्री येते, आठवड्याने नाही.