बजाजनगरातलं झेरॉक्स-डीटीपी सेंटर आणि भाच्याचा बायोडाटा

रिव्ह्यू लिहायची मला सवय नाही पण हा लिहायलाच पाहिजे. आपल्याकडं जिंतूर, सेलू, परतूर, माजलगाव कुठूनबी पोरं संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत कामाला यायलेत, आणि बायोडाटा कंपनीपर्यंत कसा पोचवायचा हे त्यांना कुणी सांगत नाही. हे सेंटर बजाजनगरच्या आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून आहे. बोर्डावर मोठ्या अक्षरात फक्त झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म एवढंच. एक ताई चालवतात.

आधी काय झालं ते सांगतो. माझा भाचा आयटीआय फिटर, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. तिथल्या एका कॅफेत त्यानं ५० रुपयात बायोडाटा काढला. कॅफेवाल्यानं तो प्रिंट काढून परत स्कॅन केला, फोटो बनवला आणि स्वतःच्या कॅफेच्या मेल आयडीवरून पाठवून दिला, विषयाची जागा कोरी. भाचा रोज स्वतःचा मेल बघायचा आणि मला फोन करायचा, मामा काहीच येईना गेलंय.

मी इथं एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरला ११ वर्षं आहे आणि अर्ज आमच्याच कंपनीत केलेला होता, म्हणून एचआरच्या मॅडमला विचारलं. त्यांनी नाव टाकून शोधलं, सापडेना. तारखेवरून शोधलं तेव्हा सापडलं, फाइलचं नाव होतं स्कॅन ००३४. आणि खाली मॅडमचंच उत्तर, अमुक तारखेला ओरिजिनल घेऊन या. म्हणजे पोराला बोलावणं गेलं होतं! ते कॅफेच्या मेलमध्ये १८ दिवस पडून होतं, कुणी उघडलंबी नाही, आणि तोवर जागा भरली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आक्काला काय सांगायचं हेच कळेना.

मॅडमनं मग मला त्यांच्या खुर्चीशेजारी बसवून दाखवलं की त्या कसं बघतात. एका जाहिरातीला शेकड्यानं मेल, त्यातले निम्मे त्या मोबाइलवरच चाळतात. आधी विषय बघायचा, त्यात पदाचं नाव असलं की उघडायचं. फाइल पीडीएफ असली तर कुठल्याबी मोबाइलवर, कॉम्प्युटरवर जशीच्या तशी दिसते. वर्डची फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला की ओळी सरकतात, आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असलं तर गावाचं नाव पार वेडंवाकडं दिसतं. मोठ्या कंपन्यांत तर पहिल्यांदा सॉफ्टवेअरच बायोडाटा वाचतं, त्याला अक्षरं लागतात, फोटो टाकला तर बऱ्याचदा हाती काहीच लागत नाही. दोन कॉलमचे रंगीत नमुने आणि टेबलं असली की कधीकधी शिक्षण एकीकडं आणि वर्ष दुसरीकडं जातं. हे मला ११ वर्षांत माहीत नव्हतं, खरं सांगतो.

तर मॅडमनंच ह्या ताईंचं सेंटर सांगितलं, आणि भाच्याला घेऊन गेलो. ताईंनी कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी विचारलं, जाहिरात कुठंय, त्यांनी कसं मागितलंय? मला हे लई आवडलं. कारण सगळीकडं एकच नियम चालत नाही. कॉन्ट्रॅक्टरकडं जायचं असलं तर कागदच लागतो, मार्कशीटच्या झेरॉक्सचा सेट लावून, स्वतः नेऊन द्यायचा. नोकरी लावून देणारे कन्सल्टन्सीवाले कधीकधी वर्डच मागतात, त्यांना त्यात त्यांचं नाव टाकायचं असतं. अप्रेंटिसशिपचं असेल तर सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते, नुसता मेल करून भागत नाही. नौकरी डॉट कॉमवर फाइल २ एमबीच्या आत पाहिजे. व्हॉट्सअॅपवर मागितलं तर डॉक्युमेंट म्हणून जोडायचं, फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो आणि अक्षरं फुटतात.

मग त्यांनी टाइप केलं, एकच पान. जुन्या कागदावर धर्म, जात, उंची, आधार नंबर सगळं होतं, ते काढलं. आधार नंबर असा दहा ठिकाणी कामून फिरवायचा म्हणाल्या, नोकरी लागल्यावर मागतील तेव्हा द्यायचा. त्याच्या जागी त्यांनी भाच्याला खोदून खोदून विचारलं, लेथवर हात चालतो का, व्हर्नियर, मायक्रोमीटर वापरलाय का, ड्रॉइंग वाचता येतं का, आणि ते लिहिलं. पोरगं आधी लाजायलं होतं, मग भडाभडा बोलायला लागलं. पीडीएफ झाली की त्यातलं सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवलं, आणि आम्हाला वाचायला लावलं. नाव, मोबाइल, ट्रेड, वर्ष सगळं ओळीनं आलं. एका ठिकाणी टक्के दुसऱ्या ओळीत गेले होते, तेवढं त्यांनी परत नीट केलं. ही तपासणी मी दुसऱ्या कुठल्याच सेंटरवर बघितली नाही.

फाइलला भाच्याचं पूर्ण नाव आणि पुढं फिटर. मेल त्याच्या मोबाइलवरून, त्याच्याच आयडीवरून, त्याच्याच हातानं पाठवायला लावला. पासवर्ड मला सांगू नको म्हणाल्या, आणि स्पॅमचा फोल्डर रोज कसा बघायचा तेबी दाखवलं. आक्काचा जुना नंबर बायोडाट्यात पडलेला होता, तो बंद आहे हे लावून बघितल्यावर कळलं.

१२० रुपये घेतले, पाच प्रिंट धरून. महाग वाटेल कुणाला, पण पाऊण तास दिला त्यांनी.

आता कमी काय ते पण लिहितो. बसायला एकच स्टूल आहे, बाकीचे बाहेर उन्हात. लाइट गेली की काम बंद, इन्व्हर्टर नाही. भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ असली की जाऊच नका, त्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो आणि घाईत केलेलं काम त्यांनाच पटत नाही. आणि एक गोष्ट मला खटकली, सगळ्यांच्या बायोडाट्यावर वर ध्येय म्हणून तेच तेच इंग्रजी वाक्य टाकतात, मॅडम म्हणतात ते त्या कधीच वाचत नाहीत. मी काढायला सांगितलं, त्यांनी लगेच काढलं, पण पोरांना स्वतःहून सांगायला पाहिजे.

भाच्याला दोन ठिकाणाहून फोन आलेत, एक शेंद्रा एमआयडीसीतून आहे, इंटरव्ह्यू अजून व्हायचाय.

कुणी जाणार असाल तर सकाळी १० च्या आसपास जा, रविवारी दुपारनंतर बंद असतं. जाहिरातीचा फोटो आणि मार्कशीट ओरिजिनल सोबत घ्या, तोंडी सांगितलेले टक्के त्या टाइप करत नाहीत.