फ्रॉस्टग्रेव्ह: दहा जणांच्या टोळीत भागणारा गेम

फ्रॉस्टग्रेव्ह म्हणजे छोट्या बाहुल्या (मिनी) मांडून फाशांवर खेळायचा लढाईचा गेम. पहिलंच सांगून टाकतो, नियमांचं पुस्तक घ्या, मिनी नाही घेतल्या तरी चालतंय. पुस्तक ऑस्प्रे प्रकाशनाचं, जोसेफ मॅक्युलोनं लिहिलेलं, २०१५ ला पहिली आवृत्ती आली आणि २०२० ला दुसरी. दुसरीच घ्या, पहिली कुठे स्वस्तात दिसली तरी नको, का ते खाली येईलच.

मला वॉरहॅमर फोर्टी के, म्हणजे याच प्रकारातला मोठ्या फौजांचा गेम, परवडत नाही, पैशानं तर नाहीच पण जागेनं पण नाही. डोंबिवलीत वन बीएचके, डायनिंग टेबल भिंतीला घडी करून लावायचं, त्यावर पन्नास-साठ सैनिकांची फौज कुठे मांडणार आणि रंगवणार कधी. म्हणून स्कर्मिश गेम. स्कर्मिश म्हणजे चकमक हो, फौज नाही, टोळी. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये एक जादूगार, त्याचा एक शिष्य आणि जास्तीत जास्त आठ सैनिक, बस. तीन बाय तीन फुटाची जागा लागते, आम्ही हॉलमध्ये जमिनीवर प्लायवुड टाकतो (गुडघ्यांचं काय होतं ते विचारू नका), मोजायला शिंप्याची टेप, कारण सगळं इंचात आहे.

गोष्ट अशी की फेल्स्टॅड नावाचं जादूगारांचं शहर हजार वर्षं बर्फाखाली होतं, आता बर्फ वितळतोय आणि जो तो टोळी घेऊन खजिना लुटायला घुसलाय. मॉर्डहाइम हा टोळ्यांचा जुना गेम माहितीये त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, उद्ध्वस्त शहर, टोळ्या, लूट. पण मॉर्डहाइमपेक्षा नियम खूपच हलके, माझा मेहुणा ज्यानं आयुष्यात कॅरम सोडून काही खेळलेलं नाही तो अर्ध्या तासात खेळायला लागला.

खरी मजा जादूत आहे. दहा प्रकारच्या विद्या, प्रत्येकीचे आठ म्हणजे ८० मंत्र, त्यातले सुरुवातीला तुम्हाला आठ मिळतात. मंत्र टाकायचा म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा. समजा १२ हवेत आणि पडले ९, तर जादूगार स्वतःचे ३ हेल्थ जाळून मंत्र पुरा करू शकतो. हेल्थ असते एकूण १४. आता ठरवा, टेलिकिनेसिसनं (हात न लावता वस्तू हलवायचा मंत्र) तो खजिना ६ इंच आपल्याकडे सरकवण्यासाठी ३ हेल्थ द्यायचे की नाही, आणि समोरच्या खेळाडूचा तिरंदाज नेम धरून उभा. असले निर्णय दर डावात चार-पाच वेळा येतात आणि त्यासाठी मी या गेमला सगळं माफ करतो.

माफ काय करायचं तर फासा. लढाईत दोघं एकेक फासा टाकतात, त्यात आपापला फाइटचा (लढायच्या ताकदीचा) आकडा मिळवतात, जो वर तो जिंकला, त्याच्या बेरजेतून दुसऱ्याचं आर्मर (चिलखताचा आकडा) वजा केलं की उरलं ते डॅमेज. म्हणजे एकाच फाशात हरणं-जिंकणं पण आणि घाव पण. माझा नाईट, म्हणजे चिलखतवाला भारी सैनिक, १०० सोन्याच्या नाण्यांचा, फाइट ४, आर्मर १३, हेल्थ १२. समोर मेहुण्याचा थग, दुसऱ्या आवृत्तीत फुकट मिळणारा गुंड, फाइट २. त्याचे पडले १९, माझे ३. २१ मधून १३ गेले, ८ डॅमेज. पुढच्या टर्नला पुन्हा तेच आणि नाईट आडवा. "दाजी, फुकटातल्या माणसानं मारला तुमचा," हे मी दोन महिने ऐकतोय. डाव संपल्यावर पडलेल्या प्रत्येक सैनिकासाठी फासा टाकायचा असतो, १ ते ४ आला तर मेला. माझे २ आले, दुसरं काय.

बुद्धिबळासारखं काही हवं असेल तर इकडे फिरकू नका. टूर्नामेंटसाठी तर अजिबात नाही.

दुसरी तक्रार, सैनिक शिकत नाहीत. अनुभव, लेव्हल सगळं जादूगाराला (शिष्य त्याच्या मागे मागे), सैनिक आज मेला तर उद्या दुसरा भाड्यानं आणायचा. मॉर्डहाइममध्ये एखादा पोरगा वाढत वाढत हिरो होतो ते इथे नाही. दुसऱ्या आवृत्तीत भारीवाले सैनिक चारच ठेवता येतात, हा बदल मात्र झकास, नाहीतर पैसेवाल्याची टोळी म्हणजे सगळे नाईट आणि टेम्पलर. आणि खजिना उचलला की माणसाचा वेग निम्मा होतो त्यामुळे पळापळीत खरी चुरस येते, वर कोपऱ्यातून एखादं जनावर निघालं तर विचारूच नका.

मिनीचं म्हणाल तर नॉर्थ स्टार कंपनीच्या प्लॅस्टिकच्या सोल्जर डब्यात २० जण बनतात, डोकी-हात वाटेल तसे बदलता येतात, दोघांच्या टोळ्या एका डब्यात निघतात. पण कस्टम ड्युटी धरून जी किंमत झाली ती बायकोला अजून सांगितलेली नाही. पुस्तक कुठल्याही कंपनीच्या मिनी चालवून घेतं. आम्ही पहिले तीन डाव तर दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांवर खेळलो, माझा जादूगार म्हणजे तुतारीवाला, आणि पडक्या भिंती फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या. लहानपणी अळीव पेरून किल्ला केलेल्या माणसाला टेरेन (मैदानाची सजावट) शिकवायला लागत नाही, फक्त इथे पहारेकरी दरवाजापेक्षा मोठा चालत नाही एवढंच.

एकटे खेळणार असाल तर याच लेखकाचा रेंजर्स ऑफ शॅडो डीप बघा, तो सोलो आणि को-ऑपसाठीच (सगळ्यांनी एका बाजूनं खेळायचं) आहे.

आणि हो, पावसाळ्यात मिनींवर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) मारू नका. मी जुलैत गॅलरीत मारला, दमट हवेनं सगळ्यांवर पिठाची खरखर बसली. मेहुणा म्हणतो बर्फातलीच टोळी आहे, राहू दे तशीच. तशीच ठेवलीये.