जोलसन, कोहॅन, रूथ एटिंग : हॉलिवूडच्या जुन्या संगीत-चरित्रपटांच्या डीव्हीडी, काही महिने वापरल्यानंतर

अमेरिकेत सिनेमा बोलू लागायच्या आधी करमणुकीचं राज्य होतं ते व्होडव्हिलचं. एकाच तिकिटात गाणं, नाच, नकला, कसरती, जादूचे खेळ. या रंगमंचावरून मोठी झालेली माणसं म्हातारी झाली, काही गेली, आणि मग हॉलिवूडनं त्यांच्यावर गाण्यांनी भरलेले चरित्रपट काढायला सुरुवात केली. 1936 पासून पुढची वीसेक वर्षं ही लाट चालली. गेल्या पावसाळ्यापासून मी हे सिनेमे डिस्कवर जमवून बघतेय, काही तर पुन्हा पुन्हा.

आधी निकाल सांगते. या माणसांच्या आयुष्याची खरी हकीकत हवी असेल तर यांच्या नादी लागू नका. लग्नं गाळलेली, नावं बदललेली, वर्षं इकडची तिकडे. पण ती माणसं स्टेजवर उभी कशी राहायची, शब्द कुठे तोडायची, ठेक्यावर पाय कसा टाकायची, हे बघायचं असेल तर इतकं चांगलं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. आणि ते एका बैठकीत, सरळ बघून उमगत नाही. रिमोट हातात लागतो, तेच अर्धं मिनिट चार वेळा मागे घ्यावं लागतं. म्हणून डिस्क.

पहिली शिफारस ‘यांकी डूडल डँडी’ची, 1942 सालच्या. मायकल कर्टिझचं दिग्दर्शन, जॉर्ज एम. कोहॅनच्या भूमिकेत जेम्स कॅग्नी. कोहॅन म्हणजे नट, गायक, नर्तक, नाटककार, गीतकार, निर्माता, सगळं एकटाच. पहिल्या महायुद्धातलं ‘ओव्हर देअर’ त्याचंच. आईवडील आणि बहिणीबरोबर ‘फोर कोहॅन्स’ या नावानं लहानपणापासून गावोगाव खेळ करत तो वाढला. सिनेमात म्हातारा कोहॅन अध्यक्ष रूझवेल्टना आपली कहाणी सांगतो. ती कहाणी किती खरी? कोहॅनच्या दोन बायका झाल्या, सिनेमात मेरी नावाची एकच, तीही काल्पनिक. जन्मतारीख कागदोपत्री 3 जुलै, पण कोहॅन स्वतः 4 जुलै सांगायचा, म्हणून सिनेमाही अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचाच मुहूर्त धरतो.

हे सगळं बाजूला ठेवा आणि कॅग्नीचे पाय बघा. गुंडांच्या भूमिकांसाठी गाजलेला हा नट मुळात व्होडव्हिलमधलाच नाचणारा. कोहॅनच्या नाचाची ढब त्यानं उचललीय: गुडघे ताठ, कमरेपासून वरचं अंग पुढे झुकलेलं, आणि एखाद्या कळसूत्री बाहुलीसारखी झटक्यानं पडणारी पावलं. एका नाचात तो रंगमंचाच्या कमानीवर, म्हणजे अक्षरशः बाजूच्या भिंतीवर, पाय टाकत चढतो. हे दृश्य मी फ्रेमनं फ्रेम पुढे सरकवत पाहिलंय. खांदे सैल आहेत आणि गुडघे ताठ. दोन्ही एकाच वेळी कसं जमतं, हे नाच शिकणाऱ्या कुणालाही बघावंसं वाटेल. खेरीज गाणं तो गातच नाही, सुरावर बोलतो. कोहॅनची शैली तीच होती. हा सिनेमा आला तेव्हा कोहॅन हयात होता, नोव्हेंबर 1942 मध्ये तो गेला. मूळ माणूस जिवंत असताना केलेली नक्कल म्हणून तिचं मोल मला जास्त वाटतं. कॅग्नीला ऑस्कर मिळालं ते रास्तच.

2003 साली निघालेली या सिनेमाची दोन डिस्कची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. 1942 साली थिएटरात सिनेमाआधी जे दाखवलं जायचं, न्यूजरील म्हणजे बातमीपट, कार्टून, लघुपट, ते सगळं तीत ओळीनं आहे. ते लावून मग सिनेमा सुरू केला की युद्धात नुकत्याच उतरलेल्या देशाला ही गाणी कशी ऐकू आली असतील ते कळतं. चित्रीकरण सुरू झालं तेच मुळी पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. 1980 च्या दशकात संगणकानं रंग चढवलेली आवृत्ती हाती आली तर ती ठेवून द्या. सिनेमा कृष्णधवलच आहे आणि तसाच बघावा.

आता ‘द जोलसन स्टोरी’, 1946. माझा सर्वांत जास्त वेळ ज्या डिस्कवर गेला ती ही. अल जोलसन हा पहिल्या बोलपटाचा नायक म्हणून आपल्याला माहीत असतो. ‘द जॅझ सिंगर’, 1927. मूळचा लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातला, वडील प्रार्थनागृहात गाणारे. सिनेमात पडद्यावर दिसतो तो लॅरी पार्क्स, पण आवाज खुद्द जोलसनचा. साठीच्या उंबरठ्यावरच्या जोलसननं आपली जुनी गाणी या सिनेमासाठी नव्यानं गायली आणि तिशीतल्या पार्क्सनं त्यावर ओठ हलवले. नुसते ओठ म्हणणं अन्यायाचं होईल. आवाज बंद करून एक गाणं बघा. श्वास कुठे घेतला, छाती कधी भरली, मानेची शीर कुठे ताणली, हे सगळं पार्क्सनं पाठ केलंय. मग चित्राकडे पाठ करून तेच गाणं नुसतं ऐका. दोन्ही एकमेकांत चपखल बसतं. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला ही मेहनत जास्त कळेल असं मला वाटतं.

‘स्वानी’ गाण्यात तर एका लांबच्या शॉटमध्ये पडद्यावर स्वतः जोलसनच आहे. जवळचे शॉट पार्क्सचे, लांबचा जोलसनचा. एकदा हे माहीत झालं की फरक दिसतो: लांबच्या आकृतीचे हात कमी फिरतात, पण कंबर आणि टाचा जास्त बोलतात. 1949 च्या ‘जोलसन सिंग्ज अगेन’मध्ये तर जोलसन झालेला पार्क्स, पार्क्स झालेल्या पार्क्सला भेटतो. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा.

एक गोष्ट मात्र आधी सांगायलाच हवी. जोलसन तोंडाला काळं फासून गायचा. गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची नक्कल करायची ही तिकडची जुनी प्रथा, आणि या सिनेमात ती कुठलाही प्रश्न न विचारता, चकचकीत टेक्निकलर रंगांत येते. कोहॅनच्या सिनेमातही थोडा वेळ आहे. मला ती दृश्यं दर वेळी खुपतात. ती कापून टाकावीत असं मी म्हणणार नाही, कारण ज्या रंगमंचाचं कौतुक चाललंय तो अशा अपमानावर उभा होता हे प्रेक्षकाला दिसलंच पाहिजे. घरात मुलं असतील तर सोबत बसा आणि बोला. याच्या जोडीला ‘टिल द क्लाउड्स रोल बाय’ या संगीतकार जेरोम कर्नवरच्या चरित्रपटातलं कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नचं गाणं लावा, तेही 1946 चंच. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या थिएटरांत दाखवताना तिची दृश्यं सहज कापता यावीत म्हणून त्या काळी ती कथेपासून सुटी ठेवत. एवढी मोठी गायिका, आणि कथेत तिच्याशी कुणी एक वाक्य बोलत नाही.

जोलसन बघताना आपल्याकडचे दोन सिनेमे सारखे आठवत राहतात. नेमक्या याच काळात मुंबईत राजकमल कलामंदिर आपल्या जुन्या कलावंतांवर असेच सिनेमे करत होतं: 1947 चा ‘लोकशाहीर राम जोशी’ आणि 1951 चा होनाजी बाळावरचा ‘अमर भूपाळी’. दोन्हींचं संगीत वसंत देसाईंचं. राम जोशी झालेले जयराम शिलेदार आणि होनाजी झालेले पंडितराव नगरकर हे स्वतःच्या गळ्यानं गाणारे. तिकडे आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, आपल्याकडे दोन्ही एकाच माणसाचं. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’त लताबाईंसोबत नगरकरांचा आवाज कसा लागतो, ते ऐकताना आपण सिनेमा बघतोय की संगीत नाटक, असा प्रश्न पडतो. ‘अमर भूपाळी’ला 1952 मध्ये कानच्या महोत्सवात ध्वनिमुद्रणासाठी तांत्रिक पारितोषिक मिळालं. आणि मला हे दोन्ही सिनेमे मिळाले ते कुठल्या रूपात? व्हीसीडी! 352 बाय 288 चं चित्र, मध्येच डिस्क बदला, आवाज घुसमटलेला. ध्वनीसाठी जगानं गौरवलेल्या सिनेमाचा ध्वनी असा ऐकावा लागतो याचं मला फार वाईट वाटतं. मूळ प्रतीवरून नीट स्वच्छ केलेली, माहितीपुस्तिकेसकट काढलेली डिस्क निघाली तर मी पहिल्या दिवशी रांगेत असेन.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ब्रॉडवेचा निर्माता झिगफेल्ड याच्यावरचा ‘द ग्रेट झिगफेल्ड’ (1936) जवळजवळ तीन तासांचा आहे, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलेला, आणि खरं सांगायचं तर मध्ये मध्ये कंटाळवाणा. फिरत्या जिन्याच्या प्रचंड मनोऱ्यावरचं ते एक गाणं बघा आणि विनोदी नटी-गायिका फॅनी ब्राइस बघा. ती स्वतःच्याच भूमिकेत आहे. पण तिचं ‘माय मॅन’ सुरू होतं आणि पुरं व्हायच्या आत सिनेमा दुसरीकडे निघून जातो. मी दर वेळी चिडते. 1950 च्या ‘थ्री लिटल वर्ड्स’मध्ये तरुण डेबी रेनॉल्ड्स जुन्या काळची गायिका हेलन केन हिच्या भूमिकेत आहे आणि तिला आवाज खुद्द हेलन केनचा. जोलसनचीच युक्ती, छोट्या मापात, पण झकास.

आता घेण्याबद्दल. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग, म्हणजे रीजन, पाडलेले आहेत. अमेरिकेतल्या डिस्क रीजन 1 च्या असतात, भारत रीजन 5 मध्ये येतो. साधा प्लेअर त्या नाकारतो, सर्व रीजन चालणारा प्लेअर लागतो. संगणकाचा ड्राइव्ह वापरणार असाल तर लक्षात ठेवा, रीजन पाचच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकतो. मग युरोपातली प्रत का घेऊ नये? गाण्यांसाठी. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो, युरोपातली पाल पद्धत 25 नं चालते, त्यामुळे बहुतेक पाल डिस्कवर सगळंच चार टक्के जलद पळतं. दोन तासांचा सिनेमा जवळजवळ पाच मिनिटांनी आखूड होतो, आणि आवाज मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर पट्टीही चढते. एका ओळखीच्यांकडून अशी प्रत आणून मी पेटी घेऊन बसले. माझ्या डिस्कवर ज्या स्वरावर गाणं थांबतं, तो त्यांच्या डिस्कवर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागतो, पुढच्या स्वराला टेकायला आलेला. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या किंचित अलीकडे गेल्यासारखं. जोलसनचा खर्जातला भरदार आवाज त्यात पातळ होतो. गाण्यासाठी सिनेमा बघत असाल तर हा फरक लहान नाही.

‘टिल द क्लाउड्स रोल बाय’चे अमेरिकेतले हक्क नूतनीकरण न झाल्यानं सुटले, त्यामुळे त्याच्या स्वस्त प्रतींचा सुळसुळाट आहे. माझ्याकडे आलेल्या अशा एका प्रतीत लाल रंग विटकरी झालेला आणि वाद्यवृंद भांड्यात बसून वाजवल्यागत. स्टुडिओच्या मूळ प्रतीवरून काढलेलीच घ्या. काही दुर्मीळ सिनेमे मागणीनुसार बर्न केलेल्या डिस्कवर मिळतात. त्यांची खालची बाजू जांभळट असते आणि जुने प्लेअर त्या कधी कधी वाचत नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्यांना आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून डिस्क काढून प्लास्टिकच्या डब्यांत ठेवा. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, 1910 च्या आसपासची बोली त्याशिवाय हाती लागत नाही.

शेवटी ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’, 1955. वर मांडलेलं माझं सगळं गणित हा सिनेमा उलटं करतो. गायिका रूथ एटिंग आणि तिचं करिअर मुठीत ठेवणारा, लंगडत चालणारा दांडगा नवरा मार्टिन स्नायडर. हा सिनेमा आला तेव्हा रूथ, स्नायडर आणि 1938 मध्ये स्नायडरनं ज्याच्यावर गोळी झाडली तो पियानोवादक, तिघेही हयात होते. तरीही कथा कडवट आणि धीट आहे, त्या काळच्या संगीतपटात सहसा न सापडणारी. स्नायडर झालाय तो पुन्हा कॅग्नी. तेरा वर्षांपूर्वी भिंतीवर नाचत चढलेले ते पाय इथे सिनेमाभर फरफटत चालतात, एक पाऊल नाचत नाहीत, आणि तरी नजर त्यांच्यावरच राहते. गाणी मात्र डॉरिस डेची आहेत, रूथची नव्हेत. 1955 चा भरगच्च वाद्यवृंद, रुंद पडदा, मोकळा सोडलेला आवाज. सुंदर गाते ती, ‘टेन सेंट्स अ डान्स’ तर फारच. पण नक्कल करायचा तिनं प्रयत्नही केलेला नाही.

रूथ कशी गायची ते याच डिस्कवर आहे, जादा भागात: 1930 च्या आसपासचे तिचे व्हिटाफोन लघुपट, म्हणजे सुरुवातीच्या काळातले छोटे बोलपट. ती जवळजवळ हलत नाही. हात खाली, हनुवटी किंचित वर, आवाज मायक्रोफोनच्या भरवशावर हळू ठेवलेला, आणि ओळीच्या मध्येच लय एकदम दुप्पट करून पुन्हा निवांत होणं. जोलसन शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा. रूथ समोरच्या एकाच माणसाला सांगितल्यासारखी गाते. डिस्क घेतलीत तर हे लघुपट आधी बघा, सिनेमा नंतर लावा.