कॉलर आयडी: जुनी डबी घ्यावी का डिस्प्लेवाला फोन?

शाहू मार्केट यार्डात मामांची गुळाची अडत आहे आणि लँडलाइन काही त्यांना सोडवत नाही. परवा म्हणाले, "जुन्या बाजारात नंबर दाखवणारी डबी मिळत्या. ती घेऊ का डिस्प्लेवाला फोनच घेऊ?"

डबीचं एक बरं आहे. भिंतीतली वायर डबीत, डबीतून फोनला. तुमचा जुना जड फोन आणि त्याची घंटा तशीच राहते. आकडेही ठसठशीत, चष्म्याशिवाय दिसतात. पण ते सात दांड्यांचे आकडे. मधली दांडी मेली की 8 चा 0 होतो, उजवीकडची वरची गेली की 6, डावीकडची खालची गेली की 9. वरची आडवी गेली तर 7 चा 1. अडतीवर असा एक आकडा चुकला की फोन भलत्याच पेढीवर लागणार. म्हणून घेताना सेल घालून सगळे आकडे नीट उमटतात का ते बघा.

खरी मेख आहे ती नंबर येतो कसा, यात. अमेरिकेत, जिथे 1987 मध्ये न्यू जर्सीत ही सेवा सुरू झाली, नंबर एफएसके पद्धतीने, म्हणजे दोन सुरांच्या अदलाबदलीतून येतो: पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत, सेकंदाला 1200 बिट. सोबत तारीख आणि वेळही येते, फक्त वर्ष येत नाही. आपल्याकडच्या जुन्या तांब्याच्या लाइनवर चालायचं डीटीएमएफ, म्हणजे बटणं दाबताना ऐकू येतात तेच सूर, आणि तेही रिंग वाजण्याआधी. त्यात नुसता नंबर. वेळ डबी स्वतःच्या घड्याळातून लावते, सेल बदलले की घड्याळ परत लावत बसा. आमच्या घरी एका पाहुण्यांनी अमेरिकेतून आणलेली डबी महिनाभर टांगली होती. तिने नंबर एकदाही दाखवला नाही, घड्याळ म्हणून मात्र झकास चालली.

डिस्प्लेवाल्या फोनात बहुतेक दोन्ही पद्धती असतात. फायबरच्या लाइनवर नंबरचा संदेश घरातलाच मोडेम तयार करतो, तिथे तर हे फारच सोयीचं. ठिपक्यांच्या पडद्यावर नावंही उमटतात, कारण सात दांड्यांत के किंवा एम धड निघतच नाही. आकडे मात्र बारीक.

मामांना मी फोनच घ्यायला सांगितलं. डबी घ्यायची ती घरी आजीसाठी, तीही डीटीएमएफ चालणारीच.

एक ध्यानात ठेवा: 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं. पडद्यावर दहाच आकडे आले असतील तर परत लावायचं बटण दाबून उपयोग नाही, शून्य लावून हातानेच फिरवा. आणि पैसे देण्याआधी दुकानातल्या लाइनला जोडून मोबाइलवरून रिंग द्या. दुसरी रिंग होईपर्यंत रिसीव्हर उचलू नका, नाहीतर एफएसकेचा नंबर यायच्या आतच तुम्ही "हॅलो" म्हणून मोकळे व्हाल.