९३५ डॉलर गेले: जुना पावडर डिस्पेन्सर घेणाऱ्यांनी हे वाचाच

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार, रात्री सव्वानऊ. काडतुसांत भरायची बंदुकीची पावडर तोलून देणाऱ्या मशीनचे ७८० डॉलर आणि कुरियरचे ३५ असे ८१५ डॉलर मी माझ्या हाताने, माझ्याच बँकेच्या अ‍ॅपवरून एका चोराला पाठवले. पुढच्या सोमवारी त्यालाच आणखी १२० दिले. एकूण ९३५. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय. आपल्यातला फसलेला माणूस आकडा सांगत नाही, "गेले थोडेफार" म्हणून विषय बदलतो, आणि मग त्याच खड्ड्यात दुसरा पडतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, अठरा वर्षं टेक्ससमध्ये आहे. नेमबाजीचं वेड गावाकडचंच. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आमच्याच मातीतल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा इथे पहाटे उठून आम्ही पेढे वाटले. त्याचा खेळ .२२ चा, ती रिमफायर काडतुसं पुन्हा भरायची नसतात. मी लांब पल्ल्याच्या मॅच खेळतो, ६.५ क्रीडमूर या काडतुसाच्या रायफलवर. सहा वर्षं गॅरेजमध्ये बसून स्वतःचं रीलोडिंग, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरणं, स्वतः करतो. म्हणजे मी या धंद्यात नवखा नव्हतो, हे आधी समजून घ्या.

माझ्याकडचा डिस्पेन्सर साधा, लोड सेलवाला, म्हणजे वजनानं किंचित वाकणाऱ्या धातूच्या पट्टीवरून तोलणारा. कागदावर एक दशांश ग्रेनपर्यंत (ग्रेन हे पावडर तोलायचं एकक) अचूक. प्रत्यक्षात अर्धा तास गरम होऊ द्या, एसी बंद करा, पंखा बंद करा, तरी दहा-पंधरा काडतुसं झाली की शून्य सरकतं. दर थोड्या वेळानं तपासणीचं वजन ठेवून बघावं लागतं. पावडरचा डोस जास्त पडला तर मॅच बिघडण्यापुरतं ते राहत नाही, दाब वाढतो आणि रायफल आपल्या गालाला टेकलेली असते. म्हणून जुन्या ट्रिकलरनं, म्हणजे पावडर थोडी थोडी सोडणाऱ्या हातयंत्रानं, दाणा दाणा टाकत, डोळे ताणत, साठ काडतुसांना माझे दोन-अडीच तास जायचे. चाळिशी कधीच ओलांडली आहे, डोळे पूर्वीचे राहिले नाहीत.

म्हणून मला हवा होता जपानी ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय काटा आणि त्याला जोडलेला ऑटोट्रिकलर. गुजरीतल्या सोनाराकडे काचेच्या पेटीत काटा असतो ना, तसलं नाजूक काम. आत लोड सेल नाही, चुंबकीय बलावर तोललं जातं, त्यामुळे शून्य तसं सरकत नाही. ग्रेनमध्ये ०.०२ पर्यंत वाचतो, म्हणजे लांबट पावडरचा जवळपास एकेक दाणा. नवा संच घ्यायचा तर सगळं मिळून हजार डॉलरच्या वर. एका ऑनलाइन जाहिरातीत जुना ७८० ला मिळतोय म्हटल्यावर मी थांबलो. फार स्वस्त असता तर संशय आला असता. चोरानं भाव बरोबर लावला होता.

मी डोळे मिटून उडी मारलेली नाही. विकणाऱ्याचं खातं २०१४ चं होतं. त्याच्या नावावर जुने साठेक चांगले अभिप्राय होते, ते मी एकेक वाचले. फोटो मागितला, त्यानं पाठवला: काटा, वर पॅन, पॅनमध्ये पावडर, शेजारी चिठ्ठीवर त्याचं नाव आणि तारीख. एवढं बघितल्यावर आणखी काय बघायचं? नंतर कळलं की खातं चोरलेलं होतं. मूळ मालक आयडाहोतला एक म्हातारा, त्याला पत्ताच नव्हता. लोकांनी त्या बिचाऱ्यालाच शिव्या घातल्या. जुने अभिप्राय खात्याचे असतात, आज त्या खात्यामागे बसलेल्या माणसाचे नसतात.

आता तो फोटो. हे लिहिताना अजून पोटात खड्डा पडतो. काट्याच्या पडद्यावर ४१.५७ ग्रेन असा आकडा होता. ०.०२ च्या टप्प्यानं वाचणाऱ्या काट्यावर शेवटचा आकडा सम असतो. ४१.५६ येईल, ४१.५८ येईल. ४१.५७ त्या काट्यावर येऊच शकत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन महिन्यांपूर्वी रेंजवर एका पोराला मीच हे समजावून सांगितलं होतं. फोटोत कुणीतरी हात घातलेला होता आणि त्याचा पुरावा ठळक अंकांत माझ्यासमोर होता. मी फोटो मोठा केला तो चिठ्ठीवरची तारीख बघायला. तारीख बघितली, समाधान झालं, फोन खाली ठेवला. पडद्यावरच्या आकड्याकडे नजर गेली, पण मनानं तो वाचला नाही. बायको शेजारी बसून भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, ओळख ना पाळख, कार्डानं द्या की." मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. तिला काट्यातलं कळत नसेल, माणसांतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

कार्डानं का दिले नाहीत? बंदूक, काडतूस असा शब्द दिसला की पेमेंट कंपन्या खातं गोठवतात, ही भीती आपल्या सगळ्यांना आहे. त्यामुळे "मित्राला पाठवल्यासारखे पाठवा, शेऱ्यात काही लिहू नका" असं विकणारा म्हणाला की आपल्याला ते वावगं वाटत नाही. प्रामाणिक विकणारेही तसंच सांगतात. चोरांनी आपली हीच सवय हेरली आहे. शेरा रिकामा ठेवायला सांगितला की तिथेच थांबा. मित्राला पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण नसतं. क्रेडिट कार्डाला असतं, बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते.

सोमवारी निरोप आला: पार्सल अडकलंय, नाजूक वस्तू असल्यानं कुरियरवाले १२० डॉलर विमा मागताहेत, पोचल्यावर परत मिळतील. मी तेही भरले. यावर लोक मला हसतील, हसू देत. ८१५ अडकलेले असताना माणूस १२० साठी मागे फिरत नाही, त्याला वाटतं आता हात सोडला तर सगळंच गेलं. ज्याला हे पटत नाही त्याचे पैसे अजून अडकले नसतील. पैसे एकदा गेल्यावर वर मागितलेला एकही डॉलर देऊ नका, कारण काहीही सांगोत. बुधवारपर्यंत खातं गायब झालं होतं.

त्यानंतर जे झालं त्याचा राग मला चोरापेक्षा जास्त आहे. बँकेला फोन केला. ४७ मिनिटं संगीत ऐकवलं. मग एक मुलगी म्हणाली, व्यवहार तुम्हीच केला, म्हणजे तो अधिकृत. १९७८ चा इलेक्ट्रॉनिक फंड ट्रान्सफरचा कायदा आहे, पण तो तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी. तुम्हाला फसवून तुमच्याच बोटानं बटण दाबून घेतलं तर ती तुमची परवानगी धरतात. मी म्हटलं, पैसे ज्या खात्यात गेले ते अजून उघडं असेल, गोठवा. ती म्हणाली, ते दुसऱ्या बँकेत आहे. दुसऱ्या बँकेला फोन केला, ते म्हणाले तुम्ही आमचे ग्राहक नाही, खातेदाराची माहिती गोपनीय आहे. चोराची माहिती गोपनीय! माझं नाव, पत्ता, फोन सगळं चोराकडे, आणि त्याचं साधं आडनाव मला मिळू शकत नाही.

पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या माणसानं वस्तूचं नाव विचारलं. पावडर डिस्पेन्सर म्हटल्यावर त्यानं मान वर केली आणि कसली पावडर हे तीनदा विचारलं. शांतपणे समजावलं. काडतुसांचं ऐकल्यावर म्हणाला, घरी दारूगोळा बनवता? घरच्या वापरासाठी रीलोडिंग कायदेशीर आहे, हे मी त्यालाच सांगायचं! त्याच्यासमोर फसलेला माणूस उभा होता आणि चौकशी माझी चालली होती. शेवटी म्हणाला, चोर बहुतेक दुसऱ्या राज्यात असेल, आमच्या हद्दीत येत नाही. केस नंबर लिहिलेला कागद हातात दिला. दोनदा फोन केला, अधिकारी जागेवर नव्हते. इथल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार भरली, तासभर लागला. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, सगळं जोडलं. उत्तरादाखल एक नंबर आला आणि पुढे शुकशुकाट. तरी तक्रार कराच, बँकेशी भांडताना तो कागद लागतो. आणि तक्रारीनंतर "तुमचे पैसे काढून देतो, १५० डॉलर भरा" असा निरोप येईल, मलाही आला. तो त्याच टोळीचा समजा.

जुनं मशीन घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका, व्हिडिओ कॉल मागा. तुम्ही सांगाल ती वस्तू त्यानं त्या क्षणी पॅनमध्ये ठेवायची, चमचा म्हणा, किल्ली म्हणा, आणि काटा हलताना दिसला पाहिजे. टाळाटाळ केली की फोन ठेवा. माझ्या एका मित्राचे प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडाला बसणाऱ्या, पावडर पेटवणाऱ्या टोप्यांमध्ये, ४१० डॉलर गेले. साइट म्हणत होती, धोकादायक मालाचं शुल्क नाही, सरकारी टपालानं घरपोच. पावडर आणि प्रायमर सरकारी टपालानं पाठवताच येत नाहीत. असं कुणी लिहिलं की त्याच्याकडे माल नाही.

परवा दुसऱ्या एका जाहिरातीत तोच फोटो दिसला. चिठ्ठीवर नवीन नाव, नवीन तारीख, किंमत ७४०. काट्यावर तेच ४१.५७. मी खाली लिहिलं, हा आकडा या काट्यावर येत नाही, कुणी पैसे पाठवू नका. तासाभरात माझं लिहिलेलं काढून टाकलं. जाहिरात अजून आहे.