टस्कनी की अल्सास? जुनी गावं आणि वाईन, एकाच छोट्या सहलीत

युरोपच्या दौऱ्यात मध्ये एखाद-दोन दिवस मोकळे असतील, जुनी गावं आणि वाईन दोन्ही हवं असेल आणि तिकडे स्वतः गाडी चालवायची नसेल, तर गाईडसोबतची छोटी सहल सोयीची पडते. आमच्यापुढे दोन पर्याय होते: इटलीत फ्लॉरेन्सहून टस्कनी किंवा फ्रान्समध्ये कोल्मारहून अल्सास. पुढेमागे दोन्ही सहली आई-बाबांसोबत करून झाल्या. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण टस्कनीला कमी लेखण्याचा अजिबात हेतू नाही.

उलट, गाव म्हणून बघाल तर टस्कनीतल्या सिएनाच्या तोडीचं अल्सासमध्ये काही नाही. शिंपल्यासारखा उतरत गेलेला काम्पोचा चौक, २ जुलै आणि १६ ऑगस्टला तिथे होणारी पालिओ ही घोड्यांची शर्यत, काळ्या-पांढऱ्या संगमरवराचं कॅथेड्रल. सान जिमिन्यानो गावात एके काळी सत्तरच्या वर मनोरे होते, आज चौदा उरलेत. ते लांबून दिसायला लागले की बसमधले सगळे खिडकीकडे सरकतात. शाकाहारी माणसाचीही तिथे आबाळ होत नाही. ब्रेड, भाज्या आणि बीन्सचं दाट रिबोलिता सूप आईला इतकं आवडलं की नंतर प्रत्येक ठिकाणी तिने तेच मागितलं.

बिनसलं ते बसमुळे. कियांती वाईनच्या द्राक्षबागा फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधल्या टेकड्यांवर पसरलेल्या आहेत. वाईनरी असते ती गावाबाहेर, कुठल्या तरी वळणाच्या रस्त्यावर. म्हणजे गावातून वाईनरीला आणि तिथून पुढच्या गावाला, दर वेळी बस. मोठी बस जुन्या गावाच्या वेशीतून आत जात नाही. पार्किंगपासून चढ चढून जायचं, आणि जरा मन रमलं की ठरल्या वेळेला पुन्हा पार्किंग गाठायचं.

सिएनाच्या पालाझ्झो पुब्लिकोत, म्हणजे नगरभवनात, आम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. कारभार चांगला असला की शहर आणि शिवार कसं दिसतं, वाईट असला की काय होतं, हा त्यांचा विषय. चांगल्या कारभाराच्या चित्रात शहराची वेस आहे आणि वेशीबाहेर शेतं, द्राक्षबागा, कामात गढलेली माणसं. बाबांना ते बघायचं होतं, म्हणून तर सिएना असलेली सहल निवडली होती. आम्ही त्या इमारतीच्या दारापर्यंत पोचलो आणि गाईडने घड्याळ दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र ते फार लागलं.

पुढे वाईनरीतही तेच. मोठा हॉल, लांब टेबलं, आमच्यासारख्या आणखी बसमधले लोक, एक ग्लास संपायच्या आत दुसरी वाईन आणि शेवटी हातात ऑर्डरचा फॉर्म. वाईन चांगलीच होती, सान्जोवेझे द्राक्षांचा तो चेरीसारखा आंबटपणा अजून आठवतो. पण ही द्राक्षं कुठल्या उतारावरची, कुणी पिकवलेली, हे विचारायला समोर कुणी नव्हतं. सगळ्या सहली अशा नसतीलही. पण अंतरं तीच असल्यामुळे घाई थोड्याफार फरकाने सगळीकडे असावी, असं मला वाटतं.

अल्सासमध्ये ही अंतरंच नाहीत. तिथला वाईनमार्ग १९५३ सालचा, जवळपास १७० किलोमीटरचा, पण कोल्मारहून एगिसहाइम सहा-सात किलोमीटर, कायझर्सबर्ग आणि रिकविरही दहा-पंधराच्या आतबाहेर. छोटी व्हॅन, मोजकी माणसं. मुख्य म्हणजे वाईन करणारा माणूस गावातच राहतो. लाकडी चौकटींच्या जुन्या घराचं मोठं दार, आत अंगण, अंगणाखाली तळघर. रिकविरमध्ये तर गावाची भिंत संपते तिथूनच शोनेनबुर्ग या द्राक्षबागेचा उतार सुरू होतो, आणि त्याच उतारावरची रीस्लिंग ही पांढरी वाईन तुमच्या ग्लासात येते.

आम्ही गेलो तिथे मालकीणबाईंनी स्वतः बाटल्या उघडल्या. आई वाईन घेत नाही हे कळल्यावर न सांगता तिच्यापुढे द्राक्षाचा रस ठेवला. रीस्लिंगनंतर गेवुर्ट्झट्रामिनर ही दुसरी पांढरी वाईन ओतली. गुलाब आणि लिचीचा वास इतका स्पष्ट की आईनेही बाबांचा ग्लास हुंगून बघितला. आपल्या मसालेदार जेवणाबरोबर जमेल अशी वाईन शोधत असाल तर ही आवर्जून चाखा. मग बोलणं घराण्यावर आलं. अल्सास १८७१ मध्ये जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने घेतलं आणि १९४५ मध्ये परत फ्रान्सचं झालं. पंचाहत्तर वर्षांच्या आयुष्यात चार वेळा देश बदललेली माणसं या गावांत होऊन गेली. हे त्या तळघरात उभं राहून ऐकताना बाबांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

उणिवा आहेतच. तिसऱ्या गावानंतर घरं एकसारखी वाटू लागतात. रिकविरच्या मुख्य रस्त्यावर दुपारी पाय ठेवायला जागा नसते. वाईन बहुतांश पांढरी, त्यामुळे रेडवरच जीव असेल तर टस्कनीच बरी. जेवणात डुकराचं मांस बरंच असतं, पातळ कुरकुरीत टार्ट फ्लांबेवरही बेकन असतं, ते वगळायला आधीच सांगावं लागतं. कलेच्या बाबतीत मात्र कोल्मार वाटतं तितकं मागे नाही. उंटरलिंडन संग्रहालयातला चित्रकार ग्र्युनेवाल्डचा इझेनहाइमचा वेदीपट (चर्चच्या वेदीसाठीची मोठी चित्रं) बघायला आम्ही सहलीच्या दुसऱ्या दिवशी निवांत गेलो.

तुमचं मन टस्कनीवरच असेल तर फ्लॉरेन्सहून एका दिवसात सगळं उरकू नका. एक रात्र सिएनात राहा. फ्लॉरेन्सहून तिथे ट्रेनपेक्षा बसने जा, कारण रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि बस थेट वर, जुन्या गावाशी सोडते. वाईनरीची सहल सिएनाहूनच घ्या आणि पैसे भरण्याआधी गाडीत किती माणसं असतील ते विचारा.

अल्सास ठरलं तर स्ट्रासबर्गऐवजी कोल्मारला मुक्काम करा आणि रिकविर सकाळीच उरका. ख्रिसमस बाजाराची गर्दी डिसेंबरमध्ये फार असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वाईनवाले तोडणीत गुंतलेले असतात. आई-वडील सोबत असतील तर मला मे-जून त्यातल्या त्यात बरा वाटतो.