माशांवरचा ताण आणि सात बाटल्या : ‘एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट’चे परीक्षण

‘आमच्याकडे मासे टिकत नाहीत’ अशी तक्रार घेऊन दुकानात गेले की बहुधा मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाची बाटली हातात पडते आणि सोबत मूठभर खडे मीठ टाकण्याचा सल्ला मिळतो. मासा पर मिटून कोपऱ्यात बसला आहे, कल्ले भराभर हलवतो आहे किंवा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करतो आहे, ही ताणाची लक्षणे कुणालाही दिसतात. ताण कशाचा आहे हे मात्र टाकीकडे नुसते पाहून कळत नाही, कारण अमोनिया विरघळलेले पाणीही दिसायला नितळ असू शकते. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी मिळणारा हा तपासणी संच त्या अंदाजपंचे कारभारावरचा उतारा आहे, आणि त्याच्या मर्यादा ओळखून वापरला तर पैसे वसूल करून देणारा आहे.

खोक्यात द्रावणांच्या सात बाटल्या, झाकणाच्या चार काचेच्या नळ्या आणि रंगांचा तक्ता असतो. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा), उच्च पल्ल्याचा सामू, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा पाच तपासण्या होतात. नळीत ५ मिलीच्या खुणेपर्यंत टाकीचे पाणी घ्यायचे, ठरलेले थेंब घालायचे, हलवायचे आणि सामूखेरीज इतर तपासण्यांसाठी ५ मिनिटे थांबायचे, एवढेच काम. अपवाद नायट्रेटचा. त्याच्या दुसऱ्या बाटलीतला घटक तळाशी बसतो, म्हणून थेंब टाकण्यापूर्वी ती बाटली ३० सेकंद आणि नंतर नळी पूर्ण मिनिटभर जोरात हलवावी लागते. हा कंटाळा टाळला की आकडा खोटा, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कमी येतो आणि आपण उगीच निर्धास्त होतो. अमोनियाच्या नळीचा पिवळा रंग हिरवट होऊ लागला आहे की नाही, हे ठरवतानाही डोळे ताणावे लागतात. ० आणि ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) यांतला फरक पिवळसर दिव्याखाली जवळजवळ कळत नाही, तेव्हा नळी तक्त्याच्या पांढऱ्या भागाला टेकवून दिवसाच्या उजेडात पाहावी.

या संचाची खरी किंमत अमोनिया आणि सामू हे दोन आकडे एकत्र वाचता येण्यात आहे. माशाचे बरेचसे नायट्रोजनयुक्त उत्सर्जन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात होते, आणि बंद टाकीत ते त्याच्याच भोवती साठत जाते. नळीतला रंग एकूण अमोनिया दाखवतो. त्यातला विषारी भाग किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. पाणी २५ अंश सेल्सिअस असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे १ पीपीएम हा आकडा एका घरात सावध होण्याइतपत, तर बोअरचे क्षारयुक्त, म्हणजे चढ्या सामूचे पाणी वापरणाऱ्या दुसऱ्या घरात धावपळ करण्याइतका गंभीर असू शकतो. हे न पाहता केवळ अमोनियाचा रंग पाहून घाबरणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही चूकच.

असे पाणी सतत सोसणाऱ्या माशाच्या शरीरात आधी ॲड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात, रक्तातली साखर चढते आणि कल्ल्यांतून क्षार निसटू लागतात. थोड्या वेळेपुरती ही व्यवस्था जीव वाचवते, पण दिवसेंदिवस चालू राहिली तर रोगप्रतिकारशक्ती खचते आणि मग अंगावर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. तोवर आपण औषध शोधायला लागलेलो असतो. त्यातले एखादे औषध फिल्टरमधल्या, अमोनिया संपवणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनाच मारत असेल, तर अमोनिया आणखी वाढतो.

नवी टाकी बसवणाऱ्यांनी नायट्राइटची तपासणी मुळीच चुकवू नये. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि मधल्या काळात नायट्राइट चढते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात हवेचे बुडबुडे भरपूर सुटत असतानाही मासा गुदमरतो. घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले, असे म्हणून ज्या मरणाचा विषय मिटवला जातो, त्यातली कितीतरी मरणे नायट्राइटने जांभळ्या झालेल्या नळीत आधीच दिसली असती. खडे मिठाचा सल्ला इथे मात्र शास्त्राला धरून आहे, कारण मिठातले क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरणाऱ्या नायट्राइटला अडवते.

उणिवा आहेत. क्षारता, कठीणपणा आणि क्लोरीन यांच्या तपासण्या या खोक्यात नाहीत. आपल्याकडे थेट नळाचे पाणी टाकीत ओतण्याची सवय पाहता क्लोरीनची उणीव मोठी म्हणावी लागेल. अमोनियाला बांधून ठेवणारे द्रावण पाण्यात घातले असेल, तर तो बांधलेला अमोनियाही नळीत रंग दाखवतो, हेही ध्यानात ठेवावे. आणि सगळे रंग जागच्या जागी असूनही मासा लपून बसत असेल, तर दोष पाण्याबाहेर शोधायला हवा: थव्याने राहणारा निऑन टेट्रा एकटाच ठेवलेला असतो, लपायला झाडझाडोरा नसतो, दिवा मध्यरात्रीपर्यंत जळतो किंवा घरातली मुले काचेवर टकटक करतात. प्रयोगशाळेत पाण्यातले कॉर्टिसॉल मोजून ताणाचा थेट अंदाज घेता येतो. घरी हे काम निरीक्षणावरच भागवावे लागते. गोल बाऊलमधल्या गोल्डफिशसाठी तर हा संच घेऊच नये, त्या पैशांत मोठी टाकी घ्यावी.

किंमत ऐकून कपाळाला आठ्या पडतात, कारण टाकीतल्या सगळ्या माशांपेक्षा तपासणीच महाग पडू शकते. उत्पादकाच्या म्हणण्यानुसार एका संचात ८०० हून अधिक तपासण्या होतात, त्यामुळे दर तपासणीचा खर्च किरकोळच येतो. पण एका लहान टाकीला इतक्या तपासण्या मुदतीच्या आत लागणारच नाहीत. ओळखीच्या दोन-तीन हौशी मंडळींनी मिळून घेणे परवडते. द्रावणे त्वचेला आणि डोळ्यांना घातक असल्याने ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत आणि तपासलेले पाणी चुकूनही परत टाकीत ओतू नये. पूर्ण संच नकोच असेल, तर अमोनियाचा आणि सामूचा असे दोन सुटे संच घेऊनही निम्म्याहून अधिक काम होते.